हरिरी हत्या तपासाचं एमयूएन, दोन दिवस वसूल

मागच्या शनिवार-रविवारी एका कॉलेजच्या एमयूएनला (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांची बैठक रंगवतात तो कार्यक्रम) जाऊन आले, कमिटी होती सुरक्षा परिषद, मे 2007, विषय लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची हत्या. 14 फेब्रुवारी 2005 ला बैरुतमध्ये त्यांच्या ताफ्याजवळ स्फोटकांनी भरलेली व्हॅन उडवली, त्यांच्यासकट 22 जण गेले.

मला कतार मिळालं होतं. आधी वाटलं छोटा देश, काय बोलणार, पण खरी मजा तिथेच होती कारण अरब शेजाऱ्यांना दुखवायचं नाही आणि खुन्याला पाठीशी घालतोय असंही दिसायला नको. दर तासाला बंद पाकिटातून पुरावा यायचा, एकदा मोबाईलच्या कॉल रेकॉर्डचा कागद आला, कुठला नंबर कुठल्या टॉवरखाली होता ते पेन्सिलने जोडत आम्ही चौघं जमिनीवरच बसलो, आणि खऱ्या खटल्यातही मुख्य आधार याच फोन डेटाचा होता हे नंतर कळलं तेव्हा अंगावर काटाच आला.

खटकलं एवढंच की चेअर, म्हणजे कमिटी चालवणारे, वेळ पाळत नव्हते, त्यामुळे लेबनॉनच्या सार्वभौमत्वावरची चर्चा पार गुंडाळली. हत्येच्या खटल्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण लेबनॉनवर लादायचं की त्यांच्या संसदेच्या मंजुरीची वाट बघायची, हाच तर मुद्दा होता ना! खऱ्या मतदानात हे न्यायाधिकरण आणणाऱ्या ठराव 1757 ला 10 मतं पडली आणि 5 देश तटस्थ राहिले, त्यात कतारही होतं. मीही तटस्थच राहिले, पण हात वर करताना पोटात गोळा आला होता.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बॅकग्राउंड गाइड (आयोजक आधी देतात ती विषयाची माहितीपुस्तिका) नीट वाचूनच जा.