हूवरची एसईसी बेसबॉल स्पर्धा: तिकीट कुठल्या दिवसाचं घ्यावं?

अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलमधली एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) ही बहुधा सगळ्यात तगडी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. तिची विजेतेपदाची स्पर्धा मे महिन्याच्या उत्तरार्धात अलाबामातल्या हूवर मेट स्टेडियमवर होते. १९९८पासून, कोविडमुळे रद्द झालेलं २०२० वगळता, ती इथून हललेली नाही. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन १९९४मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या मायनर लीग बेसबॉल संघाकडून खेळला, तेही याच मैदानावर.

२०२५पासून मात्र स्पर्धेचा ढाचाच बदलला. टेक्सस आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं कॉन्फरन्समध्ये आल्यावर संघ १६ झाले आणि सगळे सामने नॉकआऊट झाले. पूर्वी १२ संघ, १७ सामने असायचे आणि बुधवार ते शुक्रवार एक पराभव पचवता यायचा. आता सामने १५ आणि हरलात की बस पकडा. आपल्या संघासाठी आठवडाभराची हॉटेलं आधीच भरून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खोली रद्द करता येण्यासारखीच घ्या.

मंगळवारी ९ ते १६ क्रमांकाचे संघ भिडतात, बुधवारी ५ ते ८ उतरतात आणि पहिले चार थेट उपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे गुरुवार-शुक्रवारी. पैसे वसूल व्हायचे तर हेच दोन दिवस. कारण पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, विश्रांतीचा हिशेब. त्याआधीच्या साखळी सामन्यांचा शेवटचा वीकेंड गुरुवारी सुरू होतो, संघाचा हुकमी पिचर साधारण त्याच दिवशी टाकतो. पुढच्या मंगळवारी त्याला जेमतेम पाचवा दिवस असतो; गुरुवारी मात्र पूर्ण आठवडा झालेला असतो. तरीही त्याच्याकडून नऊ इनिंगची अपेक्षा ठेवू नका. पुढच्याच शुक्रवारी रिजनल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी, सुरू होतात, म्हणून कोच त्याला अनेकदा लवकर बाहेर काढतात. रविवारच्या अंतिम सामन्यात तर बहुतेक बुलपेनचाच, म्हणजे राखीव पिचरचाच, खेळ असतो.

मंगळवार-बुधवार स्वस्तात भरपूर बेसबॉल हवा असणाऱ्यांसाठी: दिवसाला चार सामने, पहिला सकाळी साडेनऊला. गोम वेळापत्रकात आहे. सामने एकाच मैदानावर पाठोपाठ होतात, त्यामुळे सकाळचा लांबला की रात्री आठचा मध्यरात्र ओलांडू शकतो. त्यात अलाबामातला मे म्हणजे वादळी पाऊस. जवळपास वीज कडाडली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं मोजतात. मध्ये पुन्हा चमकली की मोजणी पहिल्यापासून. रेनकोट न्या, तोही पारदर्शक पिशवीतून. साधी बॅग दारातच अडते.

इथला करंडक म्हणजे पुढच्या यशाची हमी नाही. २०२५मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) ३-२ असं हरवून करंडक उचलला, राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळवलं आणि घरच्याच रिजनलमध्ये गारद झालं. हूवरहून रिकाम्या हाताने गेलेल्या एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) जूनमध्ये ओमाहात राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. जो संघ राष्ट्रीय स्पर्धेत आधीच पक्का आहे, त्याचा कोच इथे जीव तोडून खेळवत नाही. पात्रतेच्या काठावरचा संघ खेळतो. चुरस हवी असेल तर काठावरच्यांचे सामने निवडा.

गाडी लागेलच, स्टेडियम बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला उपनगरात आहे. अटलांटाच्या मराठी मंडळींना हा साधारण अडीच-तीन तासांचा रस्ता. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा जाताना फायदा. रात्रीचा सामना संपवून परतताना तोच तास अंगावर येतो.