स्नॉर्केल बाहेरून चकाचक, आतून जोडलेलाच नाही

सोलापुरातल्या एका गॅरेजने डिझेल थारला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, बसवून गाडीच्या रंगात रंगवून दिला. पैसे पूर्ण फिटिंगचे घेतले. पावसाळ्याआधी फिल्टर बदलायला बॉनेट उघडलं तेव्हा खरं काम दिसलं. फेंडरच्या आत स्नॉर्केलचं तोंड मोकळंच होतं आणि एअर फिल्टर बॉक्स पहिल्यासारखा बॉनेटखालचीच हवा ओढत होता. अशी गाडी ओढ्यात घातली तर इंजिन सरळ पाणी पितं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च बहुधा मालकाच्याच गळ्यात पडतो.

रीतसर फिटिंगमध्ये आधी चाकावरचं लायनर (फेंडरच्या आतलं आवरण) काढतात. फेंडरवर मास्किंग टेप लावून किटमधला कागदी साचा चिकटवतात, ३ मिमीचं पायलट भोक पाडतात आणि मग होलसॉ (गोल भोक कापणारी करवत) चालवतात. कापलेल्या कडेला गंजरोधक प्रायमर लागतोच. या गाडीत तो नव्हता, कडेला गंज धरला होता. पुढे स्नॉर्केलपासून फिल्टर बॉक्सपर्यंत डक्ट, दोन्ही टोकांना क्लॅम्प आणि प्रत्येक सांधा सील. बॉक्सच्या तळाचं ड्रेन भोक हमखास विसरलं जातं. ते उघडं राहिलं तर वरचा सगळा खटाटोप वाया, कारण पाणी तिथूनच आत जातं. तिथे एकाच दिशेने उघडणारा रबरी व्हॉल्व्ह हवा.

रंगातही लबाडी होती. चांगले स्नॉर्केल बरेचदा पॉलिथिलीनचे असतात आणि पॉलिथिलीनवर रंग धरत नाही. नुसता पॉलिश पेपर मारून रंगवलं की सोलापूरच्या उन्हात कडेपासून पापुद्रे सुटतात. पृष्ठभागावर ज्योत झरझर फिरवून, त्यावर प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंग घट्ट धरवणारा थर) मारून मगच रंग द्यावा लागतो. एवढं करणारा पेंटर मिळत नसेल तर स्नॉर्केल काळाच ठेवावा, त्यात काही कमीपणा नाही. स्नॉर्केल एबीएस (एक कडक प्लास्टिक) किंवा फायबरचा असेल तर ४०० नंबरचा पेपर, प्लास्टिक प्रायमर, बेस कोट आणि हार्डनर मिसळून मारायचा टू-के (दोन घटकांचा) क्लिअर कोट एवढं पुरतं.

माल ओळखायला आतल्या कडेची बारीक कपची पाण्यात टाका. पॉलिथिलीन तरंगतं; एबीएस आणि फायबर बुडतात. रंग तपासायला न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा घासा. टू-के म्हणून पैसे घेतले आणि रंग बोळ्यावर उतरला, तर साधा लॅकर मारलेला आहे किंवा हार्डनर नीट घातलेला नाही.

पैसे देण्याआधी एक चाचणी गॅरेजवाल्यासमोरच करा. इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्केलचं वरचं डोकं काढा आणि नळीचं तोंड सपाट फळीने क्षणभर झाका. तोंड हाताने झाकू नका. इंजिन गुदमरून बंद पडलं तर जोडणी बंदिस्त आहे. निवांत चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे. गाडी ताब्यात घेऊ नका. डोक्याला पावसाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या फटी असतात, त्यामुळे डोकं न काढता केलेली चाचणी फसवी ठरते.

बिलावर 'स्नॉर्केल फिटिंग' एवढंच लिहून घेऊ नका. 'एअर बॉक्सला जोडून, सील करून' हे शब्द आणि रंगाचा प्रकार लिहून घ्या. लायनर काढून आतल्या कामाचे फोटो काढून ठेवा. गॅरेज दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे हे बिल व फोटोच कामाला येतात.