सीआयबिल्डव्हील वापरून: हमाली सुटते, आकडे मात्र आपल्यालाच सांभाळावे लागतात

एक छोटी न्यूमेरिकल लायब्ररी सांभाळतो मी, स्पार्स (म्हणजे बहुतेक शून्यंच असलेल्या) मॅट्रिक्सची समीकरणं सोडवणारी, आत सी प्लस प्लस, एका कोपऱ्यात जुनं फोर्ट्रान आणि वरून पायथन. अशी लायब्ररी ज्यांच्या गळ्यात आहे त्यांना सांगायला नको की अल्गोरिदम लिहिणं हा मजेचा भाग, खरी हमाली म्हणजे लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे पिप इन्स्टॉल मारलं की निमूट चालेल असं पॅकेज देत राहणं, आणि तेही दरवर्षी पायथनचं नवीन व्हर्जन येत असताना. त्या हमालीसाठी मी सीआयबिल्डव्हील हा टूल वापरतो, सध्या ३ च्या सिरीजवर आहे. आधीच सांगतो, वापरा. पण याने सगळं होईल असं समजून वापरू नका.

हे करतं काय, तर पायथनचं प्रत्येक व्हर्जन, प्रत्येक ओएस आणि प्रत्येक प्रोसेसर यांच्या जोड्या लावून एकेकाचं व्हील, म्हणजे पिपने थेट बसवता येणारं तयार पॅकेज, बनवतं, ते 'रिपेअर' करतं म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी आत भरतं, मग कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करून आपल्या टेस्ट चालवतं. सगळी सेटिंग पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये. बिल्ड बॅकएंड (आतला कोड प्रत्यक्ष बांधणारा टूल) कुठलाही चालतो, मेसन-पायथन असो की स्कायकिट-बिल्ड-कोअर, त्याला काही देणंघेणं नाही.

लिनक्सवर तर याला तोडच नाही. आपल्या ताज्या लिनक्सवर बनवलेली बायनरी जुन्या मशीनवर नेली की अमुक जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सापडलं नाही म्हणून एरर येतो, आणि आपल्यासारख्या लायब्ररीचे निम्मे युजर अशाच जुन्या क्लस्टरवर बसलेले असतात जिथे ॲडमिन काही अपग्रेड करत नाही. यावरचा उपाय म्हणजे मुद्दाम जुन्या सिस्टिमच्या कंटेनरमध्ये (बंदिस्त, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये) बिल्ड करायचं, त्यालाच मॅनीलिनक्स म्हणतात. २०१६ साली सेंटओएस ५ पासून सुरुवात झाली, पुढे मॅनीलिनक्स२०१४ आलं ते सेंटओएस ७ आणि जीलिबसी २.१७ वर. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि सीआयबिल्डव्हील ३.० पासून डीफॉल्ट आता जीलिबसी २.२८ वालं, अल्मालिनक्स ८ वरचं आहे. म्हणजे नुसता टूल अपग्रेड केला आणि चेंजलॉग वाचला नाही तर जुन्या क्लस्टरवाल्यांना तुमचं नवीन व्हील बसणारच नाही, पिप गुपचूप सोर्सवरून बिल्ड करायला जाईल आणि तिथे फोर्ट्रान कंपायलर नसला की इश्श्यू तुमच्याकडे. सेटिंगमध्ये एका ओळीत जुनी इमेज परत मागता येते, पण त्या ओळीची आठवण राहिली पाहिजे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र टेस्टची पद्धत. ते टेस्ट आपल्या सोर्स फोल्डरमधून चालवत नाही, वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरमधून चालवतं आणि तेही रिपेअर झालेल्या व्हीलवर. त्यामुळे डेटा फाइल व्हीलमध्ये भरायची राहिली, किंवा एखादी डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) फक्त बिल्ड फोल्डरमध्ये होती म्हणून चालत होतं, असले प्रकार रिलीजच्या आधीच पकडले जातात. टेस्ट-कमांड रिकामी ठेवून व्हील सोडणारे प्रोजेक्ट दिसतात तेव्हा मला खरंच कळत नाही की हा टूल घेतला तरी कशाला.

आता विंडोज. लिनक्सवर रिपेअरसाठी ऑडिटव्हील आपोआप चालतं, मॅकवर डिलोकेट चालतं, विंडोजवर ३ च्या सिरीजमध्ये डीफॉल्टने काहीच चालत नाही! डेल्व्हव्हील हा विंडोजचा रिपेअर टूल स्वतः इन्स्टॉल करून रिपेअरची कमांड स्वतः लिहायची. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, कारण व्हील बनतं, फाइल दिसते, टेस्ट लावल्या नसतील तर सगळं हिरवं, आणि युजरकडे इम्पोर्ट करताना 'डीएलएल लोड फेल्ड' एवढंच येतं, कुठली डीएलएल ते नाही. त्यात पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शनची डीएलएल शोधताना पाथ व्हेरिएबल बघतच नाहीत, त्यामुळे जुने जुगाडही चालत नाहीत. फोर्ट्रान असेल तर आणखी गंमत, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये फोर्ट्रान नाहीच, मग मिनजीडब्ल्यूचा (विंडोजवरच्या जीसीसीचा) जीफोर्ट्रान आणा. हा काही सीआयबिल्डव्हीलचा दोष नाही, पण रिव्ह्यू वाचून कोणी उद्याच कामाला लागणार असेल तर त्याने सगळ्यात जास्त वेळ विंडोजसाठी काढून ठेवावा.

मॅकवर एकच गोष्ट सांभाळा, डिप्लॉयमेंट टार्गेट, म्हणजे व्हील ज्या सगळ्यात जुन्या मॅकओएसवर चालायला हवं ते. होमब्रूने (मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरने) जीसीसी टाकून त्याचं लिबजीफोर्ट्रान आत भरलं तर ते त्या रनरच्या (बिल्ड चालवणाऱ्या मशीनच्या) मॅकओएससाठी बनलेलं असतं, तुमचं टार्गेट जुनं असलं की डिलोकेट सरळ नकार देतं. आधी राग येतो, पण तो नकार बरोबर आहे. एआरएम लिनक्सचं आधी क्यूईएमयूवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून, चालायचं, तेव्हा टेस्ट सुरू करून जेवून यावं इतकं रखडायचं, पण २०२५ पासून गिटहबने सार्वजनिक रेपोंना एआरएमचे रनर फुकट दिलेत, तेव्हापासून ही तक्रार मिटली.

पण आता येऊ आकड्यांवर, जिथे हा टूल काहीच करू शकत नाही. एकच कोड, एकच इनपुट, आणि ॲपल सिलिकॉनवर शेवटचे दोन-तीन अंक वेगळे. कारण साधं आहे, एआरएम ६४ वर गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारी एफएमए सूचना मुळातच असते आणि कंपायलर ती आपणहून वापरतो, साध्या एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी) च्या बेसलाइनमध्ये ती नाही. राउंडिंग एकदाच होतं, उत्तर खरं तर बहुतेक वेळा जास्त अचूक येतं, पण टेस्टमध्ये टॉलरन्स (चालणारा फरक) घट्ट लिहिला असेल तर लाल. एफपी-काँट्रॅक्ट (हे एकत्रीकरण करणारं कंपायलरचं सेटिंग) बंद करता येतं, पण मी म्हणेन टेस्टच सुधारा. लाँग डबलचं (सीमधल्या दशांश आकड्यांच्या मोठ्या प्रकाराचं) तर विचारूच नका: एक्स८६ लिनक्सवर ८० बिट, विंडोजवर एमएसव्हीसीमध्ये आणि ॲपल एआरएमवर डबलइतकाच ६४, एआरएम लिनक्सवर पूर्ण १२८. आणि विंडोजवर सीचा साधा लाँग ३२ बिटचा, त्यामुळे मोठ्या मॅट्रिक्सचे इंडेक्स तिथेच ओव्हरफ्लो होतात, बाकी दोन्हीकडे सगळं गोडीगुलाबीने चालू. सीआयबिल्डव्हीलचा उपयोग एवढाच की हे फरक युजरच्या आधी आपल्याला दिसतात. तो उपयोग काही कमी नाही म्हणा.

दुसरी कटकट ब्लासची, म्हणजे मॅट्रिक्सचं मूलभूत गणित करणाऱ्या लायब्ररीची. नमपायच्या बहुतेक व्हीलमध्ये स्वतःचं ओपनब्लास (ब्लासचा एक अवतार) भरलेलं असतं, आपणही भरलं की एकाच प्रोसेसमध्ये दोन ओपनब्लास, दोघांचे वेगळे थ्रेड पूल. ऑडिटव्हील आतल्या फाइलच्या नावात हॅश घालतं त्यामुळे नावांची टक्कर होत नाही, पण आठ कोअरवर सोळा थ्रेड भांडायला लागले की आपली लायब्ररी स्लो आहे असाच बोभाटा होतो. थ्रेडपूलसीटीएल या पायथन पॅकेजने आत काय काय लोड झालंय ते बघता येतं आणि थ्रेड कमीही करता येतात. मी सरळ सायपायने (पायथनच्या वैज्ञानिक गणिताच्या लायब्ररीने) सायथनमधून दिलेले ब्लासचे फंक्शन वापरतो, स्वतःचं ब्लास भरतच नाही, व्हीलचा आकारही आटोक्यात राहतो. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेज आणतं तिथे) एका फाइलला डीफॉल्ट मर्यादा १०० एमबी आहे, ओपनब्लास कोंबून प्रत्येक पायथनचं व्हील टाकत बसलात तर प्रोजेक्टची १० जीबीची मर्यादाही एक दिवस आडवी येते.

इथे कोंडा-फोर्ज या पिपबाहेरच्या पॅकेज भांडाराशी तुलना होणारच. तिथे ब्लास सगळ्यांचं मिळून एकच, युजरला हवं तर ओपनब्लासच्या जागी इंटेलचं एमकेएल लावता येतं, आणि नवीन व्हर्जन आलं की बॉट स्वतः पुल रिक्वेस्ट टाकतो. फोर्ट्रान जास्त असेल तर डोकं तिकडेच शांत राहतं. पण पिपवाले युजर कुठे जाणार, त्यामुळे मी दोन्ही ठेवलंय आणि फोर्ट्रानच्या बाबतीत पिपवाल्यांसाठीच जास्त झटावं लागतं.

पायथन ३.१२ पासूनचं स्टेबल एबीआय (एकच व्हील पुढच्या पायथनवरही चालवणारी सोय) जमत असेल तर नक्की करा, सी प्लस प्लस पायथनला जोडणाऱ्या टूलपैकी नॅनोबाइंडमध्ये जमतं, पायबाइंड११ मध्ये नाही. सीआयबिल्डव्हीलला तसं व्हील दिसलं की पुढच्या पायथनसाठी ते परत बिल्ड न करता नुसतं टेस्ट करतं, सीआयचा (आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेचा) वेळ खूप वाचतो. ३२ बिट लिनक्स मी स्किप केलंय, मसल-लिनक्स (जीलिबसीऐवजी मसल वापरणारं, जसं अल्पाइन) ठेवलंय कारण अल्पाइनवाले विचारत राहतात. आणि वर्कफ्लोमध्ये सीआयबिल्डव्हीलचं व्हर्जन पिन (म्हणजे पक्कं) करा, रिलीजच्या दिवशी कंटेनरची इमेज बदललेली कोणालाच नको असते, कारण पायपीआयवर एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने परत चढवता येत नाही.