जठरातील छोट्या गाठीची देखरेख : पुण्यातील एका एंडोस्कोपी केंद्राचा अनुभव

2021 साली ॲसिडिटीसाठी केलेल्या एंडोस्कोपीत माझ्या आईच्या जठरात अस्तराखाली 9 मिलिमीटरची गाठ दिसली आणि तेव्हापासून तिची देखरेख पुण्यातील एका खासगी केंद्रात सुरू आहे. वरचे अस्तर निरोगी असल्याने साध्या चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात बहुधा गाठीचा अंश येतच नाही. म्हणून तेथील डॉक्टरांनी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे एंडोस्कोपीच्या नळीतून जठराच्या आतून होणारी सोनोग्राफी, केला. या तपासणीत जठराच्या भिंतीचे पाच थर वेगवेगळे दिसतात. आईची गाठ चौथ्या, म्हणजे स्नायूंच्या थरातील निघाली. तेथे निरुपद्रवी लायोमायोमाही (स्नायूची साधी गाठ) असू शकतो आणि पुढे घातक ठरू शकणारा जिस्टही (GIST, पचनमार्गाच्या भिंतीत होणारा एक ट्यूमर), हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आईला शांतपणे समजावले. मला या केंद्राची सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

पहिली फेरतपासणी सहा महिन्यांनी झाली, पुढची दोन वर्षांनी. दोन्ही वेळा गाठीचा आकार, कडा आणि आतील पोत यांची जुन्या चित्रांशी तुलना करून लेखी अहवाल मिळाला. गाठ वाढली, कडा ओबडधोबड झाल्या किंवा रक्तस्राव झाला, तर सुईने नमुना घ्यायचा की गाठच काढायची याचा विचार करावा लागेल, हेही त्यात नमूद आहे.

त्रुटी एकच, पण गंभीर आहे : दुसऱ्या फेरतपासणीची आठवण केंद्राकडून आली नाही. काहीच त्रास नसलेल्या रुग्णाकडून दोन वर्षांनंतरची तारीख सहज विसरली जाते. आम्ही ती फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती, म्हणूनच ती चुकली नाही.