लसूणघासाच्या गोळ्या (25 किलो गोणी): वाढत्या डुकरांना कितपत पचतात?

गोळी हिरवी, वाळल्या घासाचा स्वच्छ वास, तळाशी भुगाही फारसा नाही. गोणीवर प्रथिनं 18 टक्के, तंतू 27 टक्के आणि पचनीयता 65 टक्के असं छापलंय. पहिले दोन आकडे लसूणघासाला साजेसे आहेत. तिसरा गाईम्हशींचा. पुण्यातले दुकानदार हा माल गोठ्यांसाठीच विकतात, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, पण 25-30 किलोच्या डुकराचा हिशेब करताना तो आकडा सोडून द्या.

डुक्कर रवंथ करत नाही. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, शोषली जातात ती लहान आतड्यात, आणि घासातली बरीच प्रथिनं तंतूंत अडकलेली असल्याने तिथून तशीच पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात जिवाणू ती फोडतात खरे, पण तिथला नत्र अमोनिया होऊन मुतावाटे बाहेर पडतो. मांस त्यातून बनत नाही. विष्ठा तपासली तर मात्र सगळं छान पचलेलं दिसतं! 18 टक्के वाचून सोयापेंड कमी केली, की आधी लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं पडतं आणि वाढ अडते.

ग्रोअरच्या, म्हणजे वाढत्या डुकराच्या, 100 किलो खाद्यात 5 किलो पुरे, तेही गव्हाच्या कोंड्याच्या जागी. मका आणि सोयापेंडीला हात लावू नका. या अदलाबदलीत तंतू पाऊण-एक किलोने चढतो. एकूण 6 टक्क्यांच्या आत राहतोय ना, ते बघा. घासात कॅल्शियम भरपूर, म्हणून चुनखडी दीडशे ग्रॅमने उतरवा. 60 किलोच्या पुढे 10 टक्क्यांपर्यंत चालतं. गाभण मादीला याहून बरंच जास्त देता येतं, खरं तर या गोळीचं गिऱ्हाईक तीच.

अख्खी गोळी टाकू नका. घासातल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे चव कडवट, पिल्लं ती निवडून बाजूला सारतात. भरडूनच मिसळा.

घेण्याआधी मूठभर गोळ्या ग्लासभर पाण्यात भिजवा. पानांचा हिरवा लगदा जास्त हवा. पिवळ्या, टणक काड्या जास्त निघाल्या तर घास फुलोऱ्यानंतर कापलाय, आणि तळाशी वाळू बसली तर तुम्ही मातीचे पैसे मोजताय. पावसाळ्यात गोणी फरशीवर ठेवली की खालचा थर बुरशी धरतो, फळ्यांवर रचा.

भाव सोयापेंडीशी नव्हे, कोंड्याशी ताडून बघा. त्याहून महाग पडत असेल, तर ग्रोअरसाठी ही गोणी उचलू नका.