लिम्फोमा झालेल्या कुत्र्याला केमो द्यावी की फक्त प्रेडनिसोलोन?

जबड्याखाली, खांद्यांपुढे, मागच्या गुडघ्यांमागे टणक गाठी हाताला लागतात. दाबल्या तरी दुखत नाहीत आणि कुत्रा अजून नीट जेवत-खेळत असतो. अशा वेळी लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं, निदान झालं की घरच्यांना पटकनच ठरवावं लागतं, कारण उपचार न केल्यास बहुतेक कुत्रे महिना-दीड महिनाच काढतात.

ठरवण्याआधी निदान पक्कं करा. आपल्याकडे गोचीडतापातही लसिका ग्रंथी सुजतात, प्लेटलेट उतरतात, वजन घटतं. म्हणून गोचीडतापाची तपासणी आणि गाठीत सुई घालून घेतलेल्या पेशींचा अहवाल, दोन्ही हातात हवेत. जननेंद्रियावर रक्ताळणारी गाठ असेल तर तो कदाचित टीव्हीटी हा समागमातून पसरणारा वेगळाच कर्करोग असू शकतो. त्यावर व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. तिथे केमोला नाही म्हणूच नका.

लिम्फोमाचं मात्र तसं नाही. केमोने तो आटोक्यात येतो, पण कायमचा जाणं विरळाच. सगळ्यात प्रभावी मानली जाणारी पद्धत म्हणजे ‘चॉप’: व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) ही चार औषधं आलटून-पालटून चार ते सहा महिने. लिम्फोमा बी किंवा टी या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होतो. बी-पेशींच्या लिम्फोमात यामुळे दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं. टी-पेशींचा प्रकार हट्टी असतो, त्यात सहा ते नऊ महिने धरा. कोणता प्रकार आहे हे कळल्याशिवाय हे आकडे तुमच्या कुत्र्याला लावू नका. नुसत्या प्रेडनिसोलोनने गाठी आठवड्याभरात उतरतात, भूक परतते, पण हा काळ बहुधा एक-दोन महिन्यांचाच असतो.

या दोन वाटांच्या मध्ये एक पायवाट आहे आणि ती फार थोड्यांना सांगितली जाते: एकट्या डॉक्सोरुबिसिनचे दर तीन आठवड्यांनी पाच डोस. गुण चॉपपेक्षा कमी, पण फेऱ्याही कमी. दवाखाना लांब असेल किंवा घरात नोकरी सांभाळून नेणारं एकच माणूस असेल, तर डॉक्टरांना हा पर्याय आपणहून विचारा. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतो, त्यामुळे आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतलेला बरा.

‘केमोने हाल होतील’ ही भीती बहुतेकांच्या मनात असते, आणि ती माणसांच्या केमोवरून आलेली असते. कुत्र्यांना डोस मुळातच बेताचा देतात, कारण हेतू त्याचे दिवस सुखाचे जावेत हा असतो. बहुतेकांचे केसही गळत नाहीत. ल्हासा, शिह त्झू, पूडल यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे गळतात. डोसनंतर दोन ते पाच दिवसांनी मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात, त्यावरची औषधं आधीच घरात आणून ठेवा. जपायचं ते पुढच्या आठवड्यात, कारण पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत गुदद्वारातून घेतलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा कुत्रा मलूल पडला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. कच्चं मांस, कच्ची अंडी बंद. सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवशी पाणी भरपूर द्या आणि वरचेवर लघवीला न्या, नाहीतर मूत्राशयाला सूज येऊन रक्त पडतं. दोन-तीन दिवस त्याची लघवी-शी हातमोजे घालूनच उचला. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिच्याकडे नको.

प्रेडनिसोलोनची वाट सोपी दिसते, खर्चही किरकोळ. पण तहान, भूक आणि लघवी इतकी वाढते की रात्री उठावं लागतं, फ्लॅटमध्ये तर जास्तच. गोळी मनाने एकदम थांबवायची नाही आणि तिच्यासोबत मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामकं द्यायची नाहीत, पोटात व्रण होतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे आहे: ‘आत्ता गोळ्या सुरू करू, केमोचं पुढच्या महिन्यात बघू’ असं करू नका. आधी एकटं प्रेडनिसोलोन चालवलं की कर्कपेशी इतर औषधांनाही दाद देईनाशा होतात आणि नंतरच्या केमोचा गुण घटतो. त्यामुळे पहिली गोळी देण्याआधीच निर्णय हवा. त्यासाठी दोन-तीन दिवस मागून घ्या आणि शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कुत्रा खात-पीत असेल, बी-पेशींचा प्रकार असेल, इंजेक्शनला शांत उभा राहत असेल, तर मी केमोकडे झुकेन. औषधाची मात्रा शरीराच्या आकारमानावर ठरते, त्यामुळे लॅब्राडोरचा खर्च पगपेक्षा बराच जास्त येतो, शिवाय प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी. पूर्ण कोर्सचा अंदाज लिहून घ्या. म्हातारा, खंगलेला, दवाखान्याच्या दारातच थरथरणारा कुत्रा असेल तर प्रेडनिसोलोन निवडण्यात प्रेमाची कसूर नाही. आणि केमो सुरू केली म्हणून ती पुरी केलीच पाहिजे असंही नाही. दोन डोसांनंतर तो खाईनासा झाला तर थांबता येतं. वेदना आवरेनाशा झाल्यावर शांतपणे निरोप द्यायचा असल्यास डॉक्टर घरी येतील का, हेही पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.