झेड फोरला चारी बाजूंनी साडेआठची चाकं: एक पावसाळा काढल्यावर

पाऊण मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं कडं. लाखाच्या वर पैसे मोजून घेतलेल्या चाकांची मजा या कड्याने आख्खा पावसाळाभर घालवली, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा त्याच्याच नावाने आहे.

गाडी बीएमडब्ल्यू झेड फोर ३५आय, ई८९ पिढीची, सेकंड हँड. कंपनीची १८ इंची चाकं: पुढे ८जे (रिमची रुंदी ८ इंच) ईटी २९ (ऑफसेट: हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर ते) वर २२५/४० (टायरची रुंदी मिमीमध्ये आणि तिच्या टक्क्यांत बाजूची उंची), मागे ८.५जे ईटी ४० वर २५५/३५, चारही रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. मुंबईतल्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या एका खड्ड्यात मागचं एक चाक आतल्या बाजूने वाकलं आणि त्याला तडा गेला. वेल्डिंग करून देणारे कुर्ल्यात पैशाला पासरी मिळतात, पण वेल्ड केलेल्या चाकावर ३०६ हॉर्सपॉवर सोडायची माझी छाती नाही. कंपनीच्या एका चाकाचं कोटेशन ऐकलं आणि बाहेरचा सेटच घ्यायचं ठरलं.

आता रुंदीचं. मूळ सेटअपमध्ये मला पहिल्यापासून एक गोष्ट खुपायची. मागचे टायर आधी झिजतात, पुढचे धडधाकट असतात आणि दोघांची मापं वेगळी, म्हणजे अदलाबदल करता येत नाही. चांगले टायर डोळ्यांदेखत असताना नवी जोडी विकत घ्यायची, हे मला पटत नाही. म्हणून चारी बाजूंना एकच माप: १८ x ८.५, ईटी ३५, त्यावर २३५/४०.

पुढच्या चाकांचं गणित असं. चाक अर्धा इंच रुंद झालं, म्हणजे १२.७ मिमी, दोन्हीकडे ६.३५ वाढलं. ऑफसेट २९ वरून ३५ झाला, म्हणजे सगळं चाक ६ मिमी आत सरकलं. बाहेरच्या बाजूला फरक जेमतेम ०.३५ मिमी, आत १२.३५. आत शॉकअ‍ॅब्सॉर्बरपर्यंत किती जागा उरते ते टायर बसवण्याआधी नुसती रिम लावून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. मागे रुंदी तीच, फक्त ५ मिमी बाहेर. टायरची उंची मूळ टायरपेक्षा साधारण सव्वा ते दीड टक्का जास्त, एबीएसची काही तक्रार नाही.

दुकानदाराला हे फारच मिळमिळीत वाटलं. "मागे साडेनऊ टाका साहेब, गाडी भरलेली दिसेल." ईटी ३५ ची साडेनऊ म्हणजे मूळ चाकापेक्षा बाहेर जवळजवळ १८ मिमी. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर जुलैमध्ये अंधेरी सबवेच्या आसपासचा सगळा चिखल दारावर मारणार, आणि गाडी धुणारा सकाळी माझ्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला परवडणारी नाही.

त्याच दुकानात आधी मला ५x११२ ची (पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर) चाकं दाखवली होती, "बीएमडब्ल्यूचीच आहेत" म्हणून. आहेतच, पण नव्या गाड्यांची. ई८९ ला ५x१२० लागतं. शिवाय त्या चाकांचं मधलं भोक ६६.६ मिमी, आणि माझा हब (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) ७२.६. यावर उत्तर तयार होतं: "भोक वाढवून देतो." तिथेच उठायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण मला हवी ती चाकं मागवून द्यायला तोच तयार होता. आली ती चाकं खरोखर चांगली आहेत. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे चाकाच्या मजबुतीचे दोन्ही जपानी शिक्के. जेडब्ल्यूएल बनवणारा स्वतःच तपासून मारू शकतो, व्हीआयएसाठी बाहेरची तपासणी लागते, म्हणून दुसरा शिक्का बघायचा.

तर ते कडं. नव्या चाकांचं भोक ७४.१, हब ७२.६. फरक दीड मिलिमीटर, म्हणून मध्ये पाऊण मिलिमीटरची रिंग. सेटबरोबर प्लास्टिकच्या आल्या होत्या. सुरुवातीला सगळं झकास. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा, तिथे गाडी अगदी गुणी बाळ. आणि शहरात ८० कुठे मिळतात? अटल सेतूवर १०० ची मुभा आहे, तिथे नव्वदीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं पुलाचे जॉइंट. मग एक्स्प्रेसवेवर तेच.

दुकानात गेलो. बॅलन्सिंग. पुन्हा गेलो. अलाइनमेंट. मग "टायर गोल नाहीत, कंपनीला क्लेम करा". दर वेळी पैसे वेगळे. दर वेळी बॅलन्सिंगच्या मशीनवर शून्य यायचं, आणि माझा जीव त्या शून्यानेच सर्वात जास्त खाल्ला. मशीन चाकाला त्याच्याच भोकात कोन घालून पकडतं, त्यामुळे तिथे चाक बरोबर मध्यावरच फिरणार. गाडीवर मात्र ते हबवर बसतं, आणि मधली रिंग मेली असेल तर मध्य सरकतो. शेवटी मी चाक काढायला लावलं आणि रिंग नखाने बाहेर ओढली. एका बाजूला चपटी झालेली, कडेला चीर, वर ब्रेकची तपकिरी भुकटी चिकटलेली. घाट उतरताना ब्रेक तापतात, त्या उष्णतेत एवढं पातळ प्लास्टिक किती टिकणार? बोल्टना कोन असतो, तेही चाक मध्यावर आणतात. पण गाडी जॅकवर असताना हाताने, एकाआड एक आवळले तर. इथे गाडी खाली उतरवून गनने घर्र केलं होतं. "साब, इतना तो चलता है."

अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा कुर्ल्याच्या एका लेथवाल्याने व्हर्नियर लावून बनवून दिल्या, चारही मिळून दीड हजाराच्या आत. थरथर गेली. एक सावधगिरी: मुंबईच्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम लोखंडी हबला घट्ट धरतं, मग चाक लाथा मारूनही निघत नाही. अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा, बोल्टच्या आट्यांना न लावता.

मागच्या पकडीबद्दल माझं मत बदललं आहे. जूनमध्ये मी सगळ्यांना सांगत होतो की २५५ सोडून चूक केली: उड्डाणपुलांच्या ओल्या लोखंडी जॉइंटवर जरा पाय दिला की डीएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकायचा. नवे टायर थोडे घासले गेले तसं ते कमी झालं. आणि साचलेल्या पाण्यात २३५ जास्त निवांत जातो, कारण तेवढ्याच वजनाखाली रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. कोरड्यात दुसऱ्या गिअरला मागचं टोक आता आधीपेक्षा लवकर सुटतं, हे खरं आहे. त्या बदल्यात नाक वळणात पटकन शिरतं. मला हा सौदा मान्य आहे, ट्रॅकवर नेणाऱ्याला नसेल.

रनफ्लॅट गेल्याचा आनंद मात्र निर्विवाद. पेव्हर ब्लॉकवरचा तो कडकड आवाज संपला. स्टेपनी या गाडीत नाहीच, म्हणून डिकीत कंप्रेसर आणि पंक्चर किट कायम. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवला आहे.

दिवाळीनंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले. मागच्यांची नक्षी दीड मिलिमीटर जास्त झिजली होती. रिंगा पुसून, ग्रीस लावून परत बसवल्या, बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळले. बॅलन्सिंगचे पैसे दुकानदाराने परत केलेले नाहीत, "पुढच्या वेळी अ‍ॅडजस्ट करू" म्हणतो.